बाई सोडणार आहेत

३ सप्टेंबर, सोमवार

डॉक्टरांनी सांगितलं म्हणून लिहायला घेतलं आहे. मला झोप येत नाही, असं आमच्या ह्यांनी त्यांना सांगून टाकलं. हे साफ खोटं आहे. झोप येते, फक्त अंथरुणावर येत नाही. आठवी-ब च्या तासाला येते, बसमध्ये येते, हेडसरांच्या भाषणात तर न चुकता येते. डॉक्टर म्हणाले, मनात काय चाललंय ते अधूनमधून लिहीत जा. मनात काही चाललेलं नाही, म्हटलं. मग तेच लिहा, म्हणाले.

तर आज हेडसरांनी मधल्या सुट्टीत बोलावून घेतलं. व्हॉलीबॉलचे सर शाळा सोडून गेले. खाजगी शाळेत काम मिळालं त्यांना. त्यांच्या आधीचे सरही तिकडेच गेले, आणि त्यांच्या आधीच्या बाईंनी खेळ, शाळा, नोकरी असं सगळं एका दमात सोडून कपड्यांचं दुकान टाकलं. पुढच्या महिन्यात आंतरशालेय सामने आहेत. संघाबरोबर शाळेतलं एक तरी शिक्षक माणूस नसेल तर संघ बाद.

"मुलींचा संघ आहे, बाईमाणूस असलेलं बरं," हेडसर म्हणाले. "तात्पुरतं बघा."

मी इतिहास शिकवते, म्हटलं. माझ्याकडे फेकलेली वस्तू मी जन्मात कधी झेललेली नाही.

"झेलायचं मुलींनी. तुम्ही फक्त बघायचं."

बघायला काय जातं, म्हणून हो म्हटलं. शिट्टी मिळाली. तिच्यावर कुणाचे तरी दात उमटलेत. घरी आणून उकळत्या पाण्यात टाकली. ह्यांनी झाकण उचलून पाहिलं आणि काही न विचारता परत ठेवलं.

५ सप्टेंबर, बुधवार

पहिला सराव. मुली ओळीत उभ्या होत्या. कर्णधार दहावीतली, सगळ्यांहून हातभर उंच, तिला सगळ्या शिडी म्हणतात. सगळ्यांत लहान ती गोटी. शिडीने मला अगदी अदबीने विचारलं, "बाई, तुम्ही किती दिवस आहात?" पाहुण्यांना विचारतात तसं.

मी म्हटलं, आहे तोवर आहे. तिने मान डोलावली. हे उत्तर तिला सवयीचं असावं.

मग चेंडू माझ्या अंगावर आला आणि चारी बाजूंनी मुली ओरडल्या, "सोड! सोड!" मी घाबरून तो छातीशी घट्ट धरला. शिक्षिकेला अरेतुरे करतात म्हणून रागावलेही. शिडीने समजावून सांगितलं. चेंडू रेषेबाहेर जात असेल तर त्याला हात लावायचा नाही, आपला आपण बाहेर पडतो आणि गुण आपल्याला मिळतो. म्हणून जिला दिसेल तिने ओरडायचं, सोड.

म्हणजे काहीही न करता गुण मिळतो. मला हा खेळ आवडेल असं वाटतं. शाळेत मला आजवर "हेही घ्या, तेही बघा" असंच सांगण्यात आलं आहे. सोड असं कुणी म्हणालेलं आठवत नाही.

१० सप्टेंबर, सोमवार

विज्ञानाच्या बाई स्टाफरूममध्ये रडल्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, चहा गार झालाय. चहा रोजच गार असतो. तासाची घंटा झाली तरी त्या उठल्या नाहीत. शेवटी शिपाईमामांनी त्यांची पर्स आणून हातात दिली आणि रिक्षात बसवलं.

माणसाने स्वतःची हेळसांड करू नये. इतके दिवस त्यांच्या शेजारी बसतेय, पण त्या किती दमल्यात हे त्यांचं त्यांनाच कळत नव्हतं. मला मात्र कधीपासून दिसत होतं.

त्यांचे नववीचे तास माझ्याकडे आले. विज्ञान मला येत नाही, पण नववी-अ ला तरी कुठे येतं. पचनसंस्था मी इतिहासासारखी शिकवली. आधी तोंडाचा कालखंड, मग जठराचा, आणि शेवटी ऱ्हासाची कारणे. मुलांनी टिपणं काढली.

१३ सप्टेंबर, गुरुवार

हे म्हणतात, मी दमलेय. कारण काय, तर सकाळी खडूची पेटी फ्रिजमध्ये सापडली. चुका काय माझ्या एकटीकडूनच होतात? शिवाय खडू खराब झालेले नाहीत.

दुसरं कारण, मी ह्यांच्यावर शिट्टी वाजवली. हे खरं आहे, पण तीनदा हाक मारूनही हे पेपर खाली ठेवत नव्हते. शिट्टीने लगेच ठेवला. सासूबाई आतल्या खोलीतून म्हणाल्या, "मला एक आण गं तसली." सासू-सुनेचं एकमत झाल्याचा हा आमच्या घरातला पहिला प्रसंग.

मी दमलेली नाही. मला फक्त कुणी काही विचारू नये असं वाटतं.

१७ सप्टेंबर, सोमवार

रविवारी बसून मी एक डावपेच तयार केला होता. जुन्या लढायांमध्ये असतो तसा. डावीकडे गर्दी दाखवायची आणि उजवीकडून मारा करायचा. फळ्यावर बाण काढून समजावला. मुलींनी "हो बाई" म्हटलं. शेजारच्या शाळेशी सराव सामना होता, तो सरळ दोन सेटमध्ये जिंकल्या. डावपेच जमला.

एकच शंका आहे. गर्दी उजवीकडे होती आणि मारा मधून झाला. शिडी पाठीमागे हात धरून बोटांनी काहीतरी खुणा करत होती, तेही मी शिकवलेलं नव्हतं. विचारलं, ह्या खुणा आधीच्या सरांच्या का?

"नाही बाई, आमच्याच आहेत. सर बदलले तरी चालतं."

"मग माझा डावपेच?"

"चांगला आहे बाई," ती म्हणाली. "फळ्यावर छान दिसत होता."

मुलगी गुणी आहे. बोलायला मात्र जरा शिकायला हवं.

२० सप्टेंबर, गुरुवार

पूर्वी आमच्याकडे भाषा शिकवणाऱ्या मैत्रिणीचा फोन आला. ती आता शिक्षण खात्याच्या कार्यालयात असते. तिच्या विभागात जागा आहे, पाठ्यपुस्तकं तपासायची. खुर्चीला पाठ आहे. घंटा नाही. मुलं नाहीत. "आणि गंमत म्हणजे," ती म्हणाली, "मनात येईल तेव्हा बाथरूमला जाता येतं."

हे शेवटचं वाक्य मी तिला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.

पुढच्या महिन्याच्या दहा तारखेपर्यंत कळवायचं आहे, आणि त्याच महिनाअखेर रुजू व्हायचं. विचार करते, म्हटलं. ह्यांना सांगितलेलं नाही. मुलींना सांगायचा प्रश्नच नाही. ठरलेलंच नाही तर सांगायचं काय?

२५ सप्टेंबर, मंगळवार

सासूबाई शनिवारी नणंदेकडे जायच्या आहेत. त्यांना आधी कळलं की त्या तेवढे सगळे दिवस निरोप घेत बसतात आणि घरात कुणाला जेवण जात नाही. सरावाच्या वेळी ह्यांचा फोन आला, तेव्हा मैदानाच्या कडेला उभी राहून सांगितलं, "हो हो, शनिवारी सोडते मी. ठरलंय एकदा. पण आत्ताच कुणाला बोलू नका, उगाच रडारड होते आणि मला नाही ते झेपत. शुक्रवारी सांगू."

गोटी तिथेच चेंडूत हवा भरत होती. तिने इतकी हवा भरली की चेंडू दगडासारखा झाला. आठवीतल्या मुलींचं लक्षच नसतं.

२७ सप्टेंबर, गुरुवार

संघाला अखेर शिस्त लागली. मी यायच्या आत नेट बांधलेलं असतं. कुणी काही विचारत नाही, तक्रार नाही, भांडण नाही. मी सुचवलं तर "हो बाई, तुम्ही त्रास नका घेऊ" म्हणतात. शिडीने साहित्याच्या कपाटाची किल्ली आपणहून मागितली, "आमच्याकडेच राहू दे बाई, नंतर सापडत नाही." जबाबदारीची जाणीव अशी आतून यावी लागते.

हेडसरांना सांगितलं, संघ आता घडला. ते म्हणाले, "कुठला संघ?" त्यांनाही विश्रांतीची गरज आहे.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

आज मला रडू आलं, तेव्हा ते लिहून ठेवते.

सराव संपल्यावर मुलींनी मला बाकावर बसवलं. गोटीने भाषण वाचलं. "बाईंनी आम्हाला खेळाबरोबर जगायलाही शिकवलं. त्यांच्या सहवासातले क्षण आम्ही विसरणार नाही. आम्ही सरांना पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा देतो." शेवटी सर म्हणाली, पण घाईत होतं असं. मग सगळ्यांनी मिळून एक पेन दिलं. टाळ्या वाजवल्या, शिडीच्या खुणेसरशी बरोबर एका वेळी थांबवल्या आणि नेट सोडायला गेल्या. सगळं कसं सुरळीत झालं, कुणाला कुणी काही सांगावं लागलं नाही.

इतकी वर्षं शिकवतेय. ऐन कामाच्या दिवसांत, काही निमित्त नसताना, मुलांनी असं कौतुक कधी केलं नव्हतं. बसमध्ये मी तोंडाला रुमाल लावून बसले होते. कार्यालयाची जागा नको असं कळवावं की काय, असं वाटू लागलं आहे. जिथे आपली किंमत आहे तिथून जाऊ नये.

१ ऑक्टोबर, सोमवार

संध्याकाळी मैदानावर गेले. गोटीने मला पाहिलं आणि तिच्या हातून चेंडू पडला.

"बाई, तुम्ही आलात?"

"मग? सोमवार आहे."

सगळ्या एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी शिडी पुढे झाली. "बाई, तुम्ही शनिवारी सोडणार होतात ना? गोटीने ऐकलं. कुणाला सांगू नका म्हणालात, रडारड नको म्हणालात."

मला उलगडायला वेळ लागला. मग म्हटलं, "अगं, सासूबाईंना सोडणार होते! स्टँडवर!"

कुणी हसलं नाही. मी हसले, पण एकटीच, म्हणून थांबले. मग ते भाषण, ते पेन, टाळ्या, सगळं डोक्यात एकदम सरळ रांगेत उभं राहिलं. पर्समधून पेन काढून पुढे केलं.

"राहू दे बाई," शिडी म्हणाली. "जाल तेव्हा परत कुठे आणत बसायचं."

ती चिडून बोलली नाही. उन्हात वाळत घातलेले कपडे आत आणावेत इतक्या साधेपणाने बोलली. मला वाटलं, आता सांगून टाकावं की खरंच एक जागा आली आहे. नाही सांगितलं. शिट्टी वाजवली आणि त्या धावायला लागल्या. मला माझीच लाज वाटली.

८ ऑक्टोबर, सोमवार

आठवी-ब मध्ये फळ्याकडे तोंड करून तहाची कलमं लिहीत होते. दुसऱ्या कलमाशी हात थांबला. पुढचा शब्द आठवेना. मग आधीचाही कळेना. कुठला तह, कुणाशी, काही नाही. मागे वर्ग गप्प होता. आठवी-ब कधी गप्प नसते. मी खडू फळ्याला टेकवून तशीच उभी राहिले ते घंटा होईपर्यंत. घंटेनंतरही वळवेना. कुणीतरी जाऊन शिपाईमामांना आणलं. त्यांनी माझी पर्स हातात दिली.

घरी आल्यावर विज्ञानाच्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, रोज दुपारी झोपते आणि उठल्यावर खिडकीत बसते. ऐकून मला त्यांचा राग आला. मग लक्षात आलं की तो राग नव्हे, हेवा आहे. बहुतेक पहिल्यापासून हेवाच होता.

हे शेजारी बसून होते. म्हटलं, "एक जागा आली आहे कार्यालयात."

"माहितीये," हे म्हणाले. "झोपेत बोलतेस तू."

"म्हणजे मी झोपते?"

"बोलण्यापुरती," हे म्हणाले.

१० ऑक्टोबर, बुधवार

येते म्हणून कळवलं. हेडसरांना जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत न घालता बसून राहिले.

"पाठ्यपुस्तकांचा विभाग का?" त्यांनी विचारलं. "खुर्चीला पाठ आहे ती?"

"तुम्हाला कसं माहीत?"

"माझाही अर्ज होता," ते म्हणाले. मग म्हणाले, अभिनंदन. मनापासून म्हणाले, म्हणून जास्त वाईट वाटलं. निघताना म्हणाले, "मुलींना सामन्याआधी काही बोलू नका. आजवर कुणी बोललेलं नाही. त्यांना आपोआप कळतं."

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

उद्या सामना. सराव संपल्यावर सगळ्यांना बसवलं. इतिहासातला एक दाखला देऊन सुरुवात करायची असं ठरवलं होतं. ऐन वेळी एकही योग्य वाटेना. इतिहासात सोडून जाणाऱ्यांबद्दल कुणी बरं लिहिलेलं नाही.

"मी महिनाअखेर शाळा सोडणार आहे," म्हटलं. "या वेळी सासूबाईंना नाही. मीच. उद्या मी तुमच्याबरोबर आहे आणि महिनाअखेरपर्यंत रोज आहे. पण त्यानंतर नाही. तुम्हाला माझ्याकडून कळावं म्हणून सांगितलं."

सगळ्या आधी शिडीकडे पाहू लागल्या. मग गोटी म्हणाली, "आम्ही काही केलं का बाई?"

"नाही गं."

"मग?"

"दमले मी," म्हटलं. हे बोलल्यावर मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. इतका छोटा शब्द, आणि बोलायला इतके दिवस लागले. "खूप दमलेय गं मी."

शिडी जमिनीकडे पाहत होती. तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसत नव्हती. निरोपाच्या वेळी ही मुलगी इतरांच्या टाळ्या थांबवत होती. "आम्हाला नेहमी शिपाईमामांकडून कळतं," ती म्हणाली. "सोमवारी आम्ही नेट बांधून बसतो आणि मामा येऊन सांगतात, आज जा घरी."

मग उठली आणि सगळ्यांना म्हणाली, चला, उद्या लवकर यायचंय.

१३ ऑक्टोबर, शनिवार

हरलो. कसे हरलो ते लिहायलाच हवं, कारण चूक माझी आहे.

शेवटचा सेट, समोरच्यांना जिंकायला एकच गुण हवा होता. समोरचे प्रशिक्षक घसा फाटेस्तोवर ओरडत होते आणि मी बाकावर हात चोळत होते. मी कधी मैदानात काही ओरडत नाही, आणि ओरडले तरी ह्या मुली ऐकत नाहीत. कुणाचंच ऐकत नाहीत. त्यांच्या खुणा त्यांच्यापाशी असतात. त्यांना अशीच सवय झाली आहे आणि त्यात त्यांचा काही दोष नाही.

समोरून उंच चेंडू आला, मागच्या रेषेकडे. खाली गोटी होती. हात जोडून तयार होती, तिने तो सहज उचलला असता. मला वाटलं, हा बाहेर जातोय. वाटलं म्हणजे खात्रीच होती. मी उभी राहून ओरडले, "सोड!"

आणि तिने सोडला.

हात खाली घेतले, एक पाऊल बाजूला झाली आणि माझ्याकडे पाहिलं. चेंडूकडे नाही, माझ्याकडे. चेंडू रेषेच्या आत वीतभर पडला. पंचांनी शिट्टी वाजवली. सामना संपला.

मी गोटीपाशी गेले, ती थिजून उभी होती. "तू उचलायला तयार होतीस ना?"

"हो बाई."

"मग सोडलास का?"

"तुम्ही म्हणालात ना," ती म्हणाली.

शाळेत इतकी वर्षं मी हेच मागत आले होते, कुणीतरी ऐकावं. आणि ऐकलं तर हे असं. तिला जवळ घेतलं आणि सगळ्या मैदानासमोर रडले. दोघीही रडलो. समोरच्या प्रशिक्षकांना वाटलं असेल, हरल्याचं वाईट वाटलं.

गाडीत कुणी मला बोल लावला नाही. बोल लावला असता तर बरं झालं असतं. अर्ध्या वाटेत शिडी माझ्या शेजारी येऊन बसली.

"बाई, महिनाअखेरपर्यंत रोज आहात म्हणालात ना?"

"आहे."

"उद्या पण?"

"उद्या रविवार आहे."

"माहितीये," ती म्हणाली.

१४ ऑक्टोबर, रविवार

आता पुढे सामना नाही, स्पर्धा नाही, सराव कशासाठी हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. सकाळी सातला सगळ्या हजर होत्या. मी काही शिकवलं नाही, मला येतच नाही. शिडीने मला मध्ये उभं केलं आणि पाठीमागे हात धरून बोटांच्या खुणा एकेक करून दाखवल्या. एक बोट म्हणजे काय, मूठ म्हणजे काय. "कुणाला दाखवत नाही आम्ही," ती म्हणाली. "तुम्ही जाणार आहात, पण तुम्हाला माहीत असू दे."

मला तीन खुणा लक्षात राहिल्या. बाकीच्या त्या उद्या दाखवणार आहेत.

घरी येऊन हे सगळं ह्यांना सांगितलं. ह्यांनी विचारलं, मग जागा नको म्हणून कळवणार का? नाही, म्हटलं. मी जाणार आहे. राहिले तर मीही एक दिवस गार चहापुढे बसून राहीन, आणि तेव्हा त्या मुलींना सांगायलाही माझ्यात काही उरलेलं नसेल. हे मला पक्कं कळलंय. पण कळलं म्हणून सोपं झालेलं नाही. माझ्यानं तिथे राहवत नाही आणि तिथून जाववत नाही, आणि दोन्ही अगदी खरं आहे.